ओट्यामागची भिंत फोडू नका

लिस्बन,
मंगळवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला घेतलं की बाबा दोन मिनिटांत फोन आईच्या हातात देतात, आणि आई जेवलास काय आणि थंडी किती यापुढे जात नाही. म्हणून पत्र लिहितोय. आईने मोठ्याने वाचावं. बाबांनी शेवटपर्यंत बसून ऐकावं, मध्येच उठून माडाला पाणी लावायला जाऊ नये.

विषय आपल्या स्वयंपाकघराचा आहे. ओट्यामागची भिंत चतुर्थीच्या आधी फोडायची, तिथे मोठ्या नव्या टाइल्स लावायच्या, माणूसही ठरलाय, असं दादाने मागच्या आठवड्यात सांगितलं. मी लगेच ‘बरं होईल’ म्हटलं. त्या भिंतीवरून आईने आयुष्यभर जे ऐकवलंय ते मला पाठ आहे. पण आज सुट्टी होती म्हणून इथलं लाद्यांचं म्युझियम बघून आलो, आणि आता ते ‘बरं होईल’ मला परत घ्यायचंय.

हो, लाद्यांचं म्युझियम. या पोर्तुगाल देशाने भिंतीवरच्या लाद्यांसाठी एक राष्ट्रीय संग्रहालय ठेवलंय, आणि तेही पाचशे वर्षांच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये. कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे, सिस्टर लोकांचा मठ.

सांता अपोलोनिया स्टेशनवरून नदीच्या कडेने पूर्वेला जाणारी बस घेतली. एका बाजूला बंदर, कंटेनर, रेल्वेचे रूळ, आणि त्या सगळ्या खडखडाटात मधेच जुना दगडी दरवाजा. मठाचं नाव मादरे द देउश, म्हणजे देवाची आई. १५०९ मध्ये दोना लिओनोर नावाच्या विधवा राणीने हा मठ स्थापन केला. तिचा एकुलता एक मुलगा १४९१ मध्ये घोड्यावरून पडून गेला, आणि चार वर्षांनी नवराही गेला. पुढे १४९८ मध्ये, म्हणजे व्हास्को द गामा कालिकतला उतरला त्याच वर्षी, तिने लिस्बनमध्ये गोरगरिबांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मिझेरिकॉर्दिया नावाची संस्था काढली. ती अजून चालू आहे. एवढी मोठी राणी, पण स्वतःला तिने या मठातच जमिनीत, साध्या दगडाखाली पुरायला सांगितलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय पडतील अशा जागी. आई, माझा पाय काही त्या दगडावर पडेना. आपण उंबऱ्यावर पाय देत नाही ना, तसंच वाटलं. मी कडेकडेने गेलो.

१८३४ मध्ये इथल्या सरकारने सगळे मठ बंद केले. पुरुषांचे लगेच रिकामे झाले. बायकांच्या मठांत नव्या मुली घ्यायला बंदी घातली, आणि आतली शेवटची सिस्टर जाईपर्यंत मठ त्यांच्याकडे राहू दिला. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर ती शेवटची म्हातारी सिस्टर येतेय. एवढं मोठं आवार, दोन मजल्यांच्या ओवऱ्या, मधे कारंजं, आणि संध्याकाळी दिवा लावायला ती एकटी.

मठाचं चर्च तसंच ठेवलंय. वर लाकडी कोरीवकामावर सोन्याचा मुलामा, इतका की डोळे दिपतात, आणि खाली भिंतींवर हॉलंडहून मागवलेल्या निळ्या-पांढऱ्या लाद्या. सिस्टर लोक वरच्या माडीवर जाळीमागे बसून प्रार्थना ऐकायच्या. पण सोन्याचं वर्णन करत बसत नाही. बाबांना घाई झाली असेल, लाद्यांचं सांग म्हणून.

बाबा, इथे लादीला अझुलेझु म्हणतात. अरबी शब्द आहे, गुळगुळीत केलेला छोटा दगड असा अर्थ. लादी चौकोनी, साधारण १४ सेंटिमीटरची, म्हणजे तुमच्या उघड्या पंज्यात मावेल एवढी. आधी मातीची लादी नुसती भाजतात. मग तिच्यावर कथील घातलेली पांढरी झिलई ओततात. ती वाळली की भुरभुरीत होते, आणि त्या भुरभुरीत थरावर कुंचल्याने चित्र काढायचं. रंग टेकला की शोषला जातो. पुसता येत नाही, खोडता येत नाही, चुकलं तर झिलई खरवडून पहिल्यापासून. निळा रंग कोबाल्टचा. भट्टीत जाताना तो काळपट दिसतो, दुसऱ्यांदा भाजून बाहेर आला की निळा. म्हणजे चित्र काढणाऱ्याला आपला रंग कामाच्या वेळी दिसतच नाही, तो मनात धरूनच काढायचा. चित्राचा कागद आधी रेघेरेघेवर सुईने टोचून घ्यायचे आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायचे. भोकांतून पूड खाली पडली की लादीवर ठिपक्यांचं चित्र तयार. आईची रांगोळीची ठिपक्यांची पट्टी आठवली.

तिथे एक बाई शाळेच्या मुलांना समजावून सांगत होत्या. तीन वर्षांत माझी भाषा कामापुरती झालीय, म्हणून मीही मागे उभा राहिलो. त्यांनी मुलांना विचारलं, हजार लाद्यांचं चित्र कारखान्यात रंगवलं, भट्टीत भाजलं, पेट्यांत भरून बैलगाडीने किंवा जहाजाने पाठवलं. आता भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला कसं कळणार कुठली लादी कुठे? मुलं गप्प. माझ्या तोंडातून निघून गेलं, मागे नंबर. बाई वळून बघायला लागल्या. खरंच मागेच नंबर असायचे. एका दिशेच्या रांगांना आकडा, दुसऱ्या दिशेच्या रांगांना अक्षर, कच्च्या बाजूला रंगाने लिहिलेले. एकदा लादी बसली की ते पुन्हा कुणाला दिसायचे नाहीत. ते फक्त बसवणाऱ्यासाठी.

त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, माझे वडील लाद्रिल्यादोर. लादी बसवणाऱ्याला इथे हाच शब्द आहे, माझ्या कानाला त्यात आपली लादीच ऐकू येते. आणि मेस्त्री हा शब्द तर इथूनच आपल्याकडे आला. घमेलं, बालदी, पगार हेही इथलेच. तुमचा कामाचा अख्खा दिवस या चार शब्दांत येतो, बाबा. खिडकीला इथे जनेला म्हणतात. आजी मरेपर्यंत जनेलच म्हणायची.

मग त्या बाईंनी मला एक नाव सांगितलं ते मी हातावर लिहून घेतलं. बार्तोलोमेउ अंतुनेश. अठराव्या शतकातला लिस्बनचा लाद्या बसवणारा मेस्त्री. मोठमोठ्या चर्चची, मठांची कामं तो घ्यायचा, चित्रकार त्याच्या हाताखाली काम करायचे, राजवाड्याच्या कामांचाही तोच मेस्त्री. समुद्रापार ब्राझीलला जाणाऱ्या लाद्यांवरसुद्धा त्याचं नाव आहे. चित्रकाराचं नाव शोधायला अभ्यासकांना जन्म घालवावा लागतो, आणि या माणसाचं नाव आज अडीचशे वर्षांनंतर भिंतीवर वाचता येतं. बाबा, तुम्ही पणजी, म्हापसा, वास्को, मडगाव इथे पस्तीस वर्षं जेवढी बाथरूमं आणि जेवढे ओटे केलेत, त्यात तुमचं नाव कुठे आहे? तुम्ही कधी अपेक्षाही ठेवली नाही. पण मला आज तिथे उभं राहून ते फार लागलं.

मी लहान असताना तुम्ही मला पणजीला मांडवीजवळच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये नेलं होतंत, आठवतं? मेनेझेस ब्रागांझाच्या दारातून आत गेल्यावर निळ्या लाद्यांच्या भिंती. जहाजं, राजे, समुद्रातून वर आलेला राक्षस. चित्रातलं मला काही कळलं नव्हतं. तुम्ही मात्र राक्षसाकडे बघितलंच नाही, एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने नजर टाकलीत आणि अंगठा सांध्यावरून फिरवलात. म्हणालात, ‘बघ झिला, खंय लागता काय?’ लागत नव्हतं. ते काम जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं, १९३५ चं. त्यानेच पोर्तोच्या साव बेंतो स्टेशनात सुमारे वीस हजार लाद्यांची चित्रं केलीत. गेल्या वर्षी मी तिथे गाडी बदलली तेव्हा मीसुद्धा एक डोळा मिटूनच बघितलं.

आता आईसाठी. आई, या म्युझियममध्ये एक भिंत आहे तिचं नाव कोंबडीचं लग्न. सतराव्या शतकातली, साडेतीनशे वर्षांची. घोडागाडीत कोंबडी नवरीसारखी बसलीय आणि सोबतीला सगळी माकडं, कुणी वाजंत्री, कुणी गाडीवान. तू आम्हाला जेवताना सांगायचीस तशीच गोष्ट. आणि चहा प्यायला बसतात त्या खोलीच्या भिंतींवर लाद्यांवरच मासे टांगलेत, ससा टांगलाय, मांसाचे तुकडे टांगलेत. स्वयंपाकघराच्या लाद्या त्या. मासे इतके ताजे काढलेत की तू कल्ला उघडून बघितला असतास.

वेदीच्या समोर लावायच्या काही लाद्या आहेत, त्यांपुढे तर मी बराच वेळ उभा होतो. चर्चच्या वेदीवर पूर्वी भारी कापड घालायचे. ते कापड आपल्याकडून जायचं, हिंदुस्थानातलं छापील सुती कापड, त्यावर पक्षी, वेली, फुलं. पुढे इथल्या कारागिरांनी ते कापडच लादीवर काढायला सुरुवात केली. खालच्या झालरीचे धागेसुद्धा एकेक करून रंगवलेत. मोर आपलाच आहे, आई, मानेवरून ओळखू येतो.

एका भिंतीएवढ्या उंच चित्रात १४९८ लाद्या आहेत, सुमारे १५८० चं काम. खांब, सावल्या, कोनाड्यातले संत, सगळं सपाट भिंतीवर असून खोल वाटतं. ज्या चर्चसाठी ते केलं ते चर्च आज जागेवर नाही. लाद्या आहेत.

सगळ्यात वरच्या मजल्यावर अख्खं लिस्बन आहे. २३ मीटर लांब पट्टा, निळ्या रंगात, १७०० च्या सुमाराचा, एका सरदाराच्या वाड्यातून आणलेला. नदीकाठचा सुमारे १४ किलोमीटरचा किनारा, घर आणि घर, होडी आणि होडी. नदीला लागून राजवाडा, तिथेच कासा दा इंदिया, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची मिरी उतरायची ती वखार. १ नोव्हेंबर १७५५ ला, सणाच्या दिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मग नदीतून समुद्र आत आला, मग पेटलेल्या मेणबत्त्यांनी आग लागली ती कित्येक दिवस. राजवाडा गेला, वखार गेली, कागदपत्रं गेली. आधीचं शहर कसं दिसायचं हे बघायला आज लोक या लाद्यांपुढे येतात. या मठाचंही चित्र त्यात आहे. मी त्याच मठात उभा राहून भिंतीवर तो मठ शोधत होतो. सापडला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनाही दाखवला.

आता मुद्द्यावर येतो. एका ओवरीत अशा लाद्या आहेत की प्रत्येकीवर वेगळं चित्र. एकीवर फूल, एकीवर जहाज, एकीवर पक्षी, एकीवर घर. शेजारणीशी कुणाचा संबंध नाही. कारखान्यात शिकाऊ पोरांना हात बसायला अशा लाद्या द्यायचे, आणि मठांच्या, घरांच्या स्वयंपाकघरात त्या लावायचे. बाजूची सगळी राजेशाही सोडून मी या भिंतीपुढे उभा राहिलो, कारण ही आपली भिंत आहे.

आई, तू म्हणायचीस, ‘लोकांची घरं सजवतात आणि माझ्या घरात उरलंसुरलं.’ उरलंसुरलंच होतं ते. प्रत्येक कामावरून दोन-चार लाद्या उरायच्या, बाबा मालकाला विचारून पिशवीत घालायचे, आणि शनिवारी रात्रीच्या कदंबा बसने गोव्याहून कुडाळला उतरायचे. मी आणि दादा बालदीत लाद्या भिजत घालायचो. बुडबुडे यायचे थांबले की भिजल्या, हे आम्हाला बाबांनी शिकवलेलं. रविवारी दोन लाद्या बसायच्या, कधी चार. ती भिंत पुरी व्हायला सहा वर्षं लागली. द्राक्षांच्या घोसाची, किटलीची, तपकिरी संगमरवरी, निळ्या फुलांची, आणि वास्कोच्या कामावरची ती एकच मासा असलेली, जी तू मुद्दाम विळीच्या जागेसमोर लावून घेतलीस. हेही तू विसरली असशील. ‘हांगा लाव’ असं तूच बोट ठेवून दाखवलं होतंस.

आणि बाबा, सतरा तऱ्हेच्या लाद्या, सगळ्यांची जाडी वेगळी, मोजमाप वेगळं, तरी ओट्याच्या कडेने डोळा मिटून बघितलं तर भिंत सरळ. हे किती अवघड आहे ते मला आज कळलं. एकसारखा माल कुणीही दोरीत आणील. तुम्ही मागे सिमेंटचा माल कमी-जास्त घालून, रविवारच्या दोन तासांत, विजेच्या बल्बखाली ते केलंत.

एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी लिहितो. इथल्या जुन्या लाद्या चुन्यात बसवलेल्या असतात. चुना सोडतो, म्हणून मठ मोडले, चर्च पाडली, तरी लाद्या अख्ख्या काढता आल्या, आणि पेट्यांतून या म्युझियममध्ये आल्या. आपली भिंत सिमेंटमध्ये आहे. छिन्नी लावली की लादी आधी फुटणार. दादा म्हणतो, दोन-चार चांगल्या काढून आठवण म्हणून ठेवू. निघणार नाहीत, बाबा. तुम्ही त्याला का सांगितलं नाहीत?

मला वाटतं तुम्ही आईसाठी गप्प राहिलात. आणि आई बहुतेक दादासाठी, वहिनीसाठी हो म्हणाली. वहिनीला ओटा मोठा हवाय, तिचं बरोबर आहे, स्वयंपाक आता तीच करते. ओटा पलीकडच्या भिंतीला वाढवता येईल, गॅसची पाइप तिथवर जाते. खर्चाचं मी दादाशी बोलतो. बेसिनच्या मागे ओल येते हे मला माहीत आहे, तिथल्या लाद्या ठोकल्या तर पोकळ वाजतात. तेवढ्या खालच्या दोन रांगा काढाव्या लागतील तर काढा, त्या तशाही सुटल्याच आहेत, हलक्या हाताने अख्ख्या निघतील. पण काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर घाला आणि तसाच नंबर कागदावर. आडव्याला आकडा, उभ्याला अक्षर. आणि परत बसवताना बाबांनी खुर्चीवर बसून सांगायचं, गुडघ्यावर बसायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आईला माहीत आहे. हात दुसऱ्याचा चालेल, नजर तुमची पाहिजे.

इथे २०१७ पासून कायदाच आहे, घराच्या दर्शनी भिंतीवरच्या लाद्या कुणाला सहजासहजी उतरवता येत नाहीत. मी रोज ज्या मेट्रोने कामाला जातो ती १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हा बहुतेक स्टेशनांच्या लाद्यांची नक्षी मारिया कैल नावाच्या बाईंनी केली. लोक घाईत असतात, तरी मी कुणी ना कुणी चालता चालता भिंतीवरून बोटं फिरवत जाताना बघतो. पुढच्या वर्षी तुमचे पासपोर्ट झाले की मला दोघांना तिथे न्यायचंय. म्युझियममध्ये हात लावू देत नाहीत, पण मेट्रोत बाबांना हवं तेवढं ठोकून बघता येईल.

दादाला सांगा, या रविवारी पूर्ण भिंतीचे फोटो पाठव, टेप लावून, रांगेरांगेने. मी इथे कागदावर मांडून ठेवतो. खालून तिसऱ्या रांगेत, किटलीच्या डावीकडे, एक कोपरा उडालेली पांढरी लादी आहे. ती बालदीतून काढताना माझ्या हातून पडली होती. मी रडायला लागलो तेव्हा बाबांनी ती तशीच उचलली, माल लावला आणि बसवली. तिचा फोटो जरा जवळून काढा.

आईच्या गोळ्या वेळेवर. बाबांनी उन्हात जाऊ नये. छोटीला पापा.

तुमचा,
बाबू